मुंबईच्या गटात

१९३४ साली सुरतेतल्या एखाद्या चांगल्या क्रिकेटपटूनं कुठल्या संघासाठी खेळायचं, या प्रश्नाला एक सरळ उत्तर नव्हतं. सुरत जिल्हा ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होता. शहराच्या दक्षिणेला सचिनच्या नवाबाचं छोटं संस्थान होतं, आणि त्याच्याही पुढे नवसारी, म्हणजे गायकवाडांच्या बडोदा संस्थानाचा प्रांत. सार्वजनिक एज्युकेशन सोसायटीनं १९१८ मध्ये सुरू केलेलं सुरतेचं कॉलेज, जे पुढे एम. टी. बी. कॉलेज म्हणून ओळखलं गेलं, ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. रेल्वेनं मुंबई साधारण २६० किलोमीटर, अहमदाबाद २३०. दोन्हीकडे ओढ होती, आणि दोन्हीकडे क्रिकेट होतं.

तोपर्यंत मोठ्या क्रिकेटमधली वाटणी धर्मावर चालत आली होती. मुंबईतल्या स्पर्धेत आधी युरोपियन आणि पारशी, मग हिंदू, मग मुसलमान असे संघ आले आणि चौरंगी सामने लोकप्रिय झाले. १९३७ पासून ख्रिस्ती आणि इतरांचा ‘रेस्ट’ नावाचा संघ आला व स्पर्धा पंचरंगी झाली. सुरत आणि नवसारी ही तर पारशांची जुनी घरं. तिथला पारशी मुलगा नाव काढणार ते पारशी संघातून, आणि त्याचा रस्ता मुंबईतूनच जाणार, हे ठरलेलं. आपल्या सांगलीचे विजय हजारे याच वाटणीमुळे ‘रेस्ट’मध्ये खेळले. १९४३ च्या डिसेंबरात हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांनी एकट्यानं काढल्या, तरी संघ हरला. कितीही मोठा खेळाडू असला, तरी त्याला ज्या चौकटीत बसवलं जातं ती चौकट त्याची मर्यादा ठरवते, हे त्या डावात लख्ख दिसतं.

जुलै १९३४ मध्ये सिमल्यात क्रिकेट नियामक मंडळाच्या बैठकीत अँथनी डिमेलो यांनी राष्ट्रीय स्पर्धेची कल्पना मांडली, पतियाळाच्या महाराजांनी चषक देऊ केला आणि आदल्या वर्षी वारलेल्या रणजितसिंहजींचं नाव त्याला मिळालं. धर्माऐवजी प्रांत हा आधार आला, ही मोठीच गोष्ट. पण प्रांत म्हणजे कोणता? मुंबई इलाख्याचा एक संघ असता, तर सुरतेचा आणि पुण्याचा खेळाडू एकाच टोपीखाली आला असता. तसं झालं नाही. मुंबई शहराची ताकद वेगळी, पुण्याची महाराष्ट्र संघटना वेगळी, अहमदाबादेतून चालणारी गुजरात संघटना वेगळी. शिवाय सिंध, काठेवाडातल्या संस्थानांचा वेस्टर्न इंडिया, १९३६-३७ पासून नवानगर आणि त्यानंतर बडोदा. सुरत गुजरातच्या वाट्याला आली. नवसारी तेव्हा बडोदा संस्थानात होती. संस्थान विलीन झाल्यावर ती सुरत जिल्ह्यात आली, १९६४ मध्ये वलसाड जिल्ह्यात गेली आणि १९९७ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाली. माणसं जागच्या जागी राहिली आणि रेषा त्यांच्यावरून सरकत गेल्या.

हे सारे संघ एकाच विभागात टाकले गेले: पश्चिम विभागात. विभाग ठरवताना रेल्वेचा प्रवास, खर्च आणि मैदानं पाहिली गेली असणार, आणि त्या काळी ते योग्यच होतं. पण त्या एका ओळीनं सुरतेच्या, अहमदाबादच्या आणि पुण्याच्याही क्रिकेटचं पुढल्या कित्येक वर्षांचं भवितव्य लिहिलं. कारण त्याच विभागात मुंबई होती.

कोणत्या गटात खेळायचं, हा प्रश्न अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉल संघांना उघडपणे पडतो. तिथं संघांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात, आणि कोणत्या गटात राहायचं हे विद्यापीठ ठरवतं. लॉस एंजेलिसची दोन बलाढ्य विद्यापीठं, यूसीएलए आणि सदर्न कॅलिफोर्निया, २०२४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरचा आपला जुना गट सोडून बिग टेन या गटात गेली. तो गट १८९६ पासूनचा, मूळचा मधल्या प्रांतांतला, हजारो किलोमीटर दूर. यामागे टीव्हीच्या हक्कांचे पैसे होते. तिथं निदान विचार होतो, बैठका होतात, विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी भांडतात. आपल्याकडे संघाला कुणी विचारलं नाही. म्हणून निवड खेळाडूंना करावी लागली, एकेकट्यानं, आपापला संसार पाठीवर घेऊन. गुजरातचं क्रिकेट समजून घ्यायचं तर या निवडीच बघाव्या लागतात.

पश्चिम विभागातल्या दुबळ्या संघांची अवस्था काय होती, याचं एक उदाहरण प्रत्येक मराठी क्रिकेटप्रेमीला पाठ आहे, फक्त आपण ते एकाच बाजूनं सांगतो. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावा दूर होता. महाराष्ट्राच्या चार बाद ८२६ झाल्या होत्या. काठेवाडच्या संघानं उपाहारानंतर खेळायला नकार दिला आणि सामना सोडून दिला. निंबाळकरांवर अन्याय झाला हे खरंच, ते दुःख आपण अजून सोडलेलं नाही. पण समोरच्या अकरा जणांकडेही एकदा पाहायला हवं. ज्या विभागात मुंबई, महाराष्ट्र आणि हजारे यांचा बडोदा आहे, त्यात काठेवाडसारख्या संघानं दर वर्षी कशासाठी उतरायचं, हा प्रश्न त्या उपाहाराच्या वेळी त्यांना पडला नसेल असं मला वाटत नाही.

गुजरातची स्थिती याहून बरी होती. १९५०-५१ मध्ये तो संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. इंदूरला होळकर संघानं त्याला १८९ धावांनी हरवलं. तेव्हा स्पर्धा बाद पद्धतीची होती. एखाद्या आठवड्यात संघ जमून आला, नाणेफेक मनासारखी पडली, तर मोठ्याला बाहेर काढता येत असे. १९५७-५८ पासून विभागात साखळी सामने सुरू झाले. त्या पहिल्या वर्षी बडोद्यानं करंडक जिंकला. त्यानंतर १९५८-५९ ते १९७२-७३ अशी पंधरा वर्षं ओळीनं मुंबईनं तो आपल्याकडे ठेवला.

मुंबईच्या त्या पंधरा वर्षांबद्दल आपण खूप लिहिलं आहे. त्याची दुसरी बाजू हिशेबानं मांडू या. १९६९-७० पर्यंत प्रत्येक विभागातून एकच संघ पुढे जात असे. याचा अर्थ १९५८-५९ पासून सलग बारा हंगाम पश्चिम विभागातल्या इतर कुठल्याही संघाला विभागाबाहेरचा एकही रणजी सामना खेळायला मिळाला नाही. महाराष्ट्र, गुजरात, बडोदा, सौराष्ट्र या चारही संघांचा हंगाम मुंबईच्या पायरीशी संपायचा. दिल्ली, मद्रास, कलकत्ता इथल्या प्रेक्षकांसमोर, तिथल्या निवड समितीच्या माणसांसमोर खेळायची संधीच नाही.

बरं, गुजरातकडे माणसं नव्हती असंही नाही. नरी कॉन्ट्रॅक्टरनं पदार्पणाच्या सामन्यातच, १९५२-५३ मध्ये बडोद्याविरुद्ध दोन्ही डावांत शतकं काढली होती आणि पुढे तो भारताचा कर्णधार झाला. डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरला भारतानं ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा हरवलं ते अहमदाबादच्या जसू पटेलच्या ऑफस्पिनवर: पहिल्या डावात ६९ धावांत नऊ बळी, दुसऱ्या डावात ५५ धावांत पाच. त्याच सामन्यात भारताच्या दुसऱ्या डावात कॉन्ट्रॅक्टरच्या ७४ धावा होत्या. म्हणजे रिची बेनोच्या ऑस्ट्रेलियाला लोळवणाऱ्यांत गुजरातचे दोघे, आणि त्याच हंगामात गुजरात संघ आपल्या विभागाबाहेर पडू शकला नाही.

आता सुरतेकडे वळतो. रूसी फ्रामरोझ सुरती याचा जन्म २५ मे १९३६ चा, सुरतेतलाच. डावखुरा फलंदाज, डावखुरा मध्यमगती गोलंदाज, गरज पडली तर फिरकीही टाकणारा, आणि क्षेत्ररक्षणात जीव ओतणारा. सोबर्सशी त्याची तुलना होत असे, ‘गरिबांचा सोबर्स’ अशा शब्दांत. मला हे विशेषण कधी आवडलं नाही. त्यात कौतुक आहे तितकाच एक उणेपणाचा शिक्काही आहे. २६ कसोटींत १२६३ धावा आणि ४२ बळी ही कामगिरी कुणाच्या सावलीत ठेवायची नाही.

सुरती १९५६-५७ मध्ये गुजरातकडून खेळू लागला. तीन वर्षांतच तो राजस्थानला गेला. राजस्थान मध्य विभागात होता, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि विदर्भाच्या शेजारी. उदयपूरच्या महाराणांचा आश्रय होता आणि राजसिंह डुंगरपूर यांच्यासारखा झपाटलेला संघटक होता. पश्चिम विभागातली गुणी माणसं त्यांनी बोलावून घेतली. जामनगरचे विनू मांकड तिथं आले. वेस्टर्न इंडिया, नवानगर, महाराष्ट्र, गुजरात, बंगाल आणि मुंबई असा त्यांचा प्रवास आधीच झाला होता. सलीम दुराणी सौराष्ट्र आणि गुजरात करून तिथंच स्थिरावला. सुरतीनं प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधली आपली सर्वोच्च खेळी, नाबाद २४६, राजस्थानकडूनच केली.

परिणाम काय झाला पाहा. १९६०-६१ ते १९६९-७० या दहा हंगामांत राजस्थान सात वेळा अंतिम सामन्यात पोहोचला. सातही वेळा मुंबईकडून हरला. राजस्थानच्या जिद्दीला माझा मनापासून नमस्कार आहे. पण नकाशा नजरेसमोर ठेवून हे आकडे वाचले की एक गोष्ट स्पष्ट होते: मुंबईकडून राजस्थानही हरत होता आणि गुजरातही हरत होता. राजस्थान हरला ते हंगामाच्या शेवटी, देशाच्या डोळ्यांसमोर, उपविजेता म्हणून. गुजरात हरला ते हंगामाच्या सुरुवातीलाच, साखळीत, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत संपला. दोन्ही संघांच्या ताकदीत फरक होता, तो मी नाकारत नाही. पण त्या फरकाचा एक मोठा भाग असा होता की राजस्थानच्या संघात गुजरातकडून आणि सौराष्ट्राकडून गेलेली माणसं होती, आणि ती गेली होती याच कारणामुळे. गटानं संघ घडवला आणि मग त्या संघाची कामगिरी गटाच्या योग्यतेचा पुरावा मानली गेली.

सुरती पुन्हा गुजरातकडे आला आणि १९६८-६९ पर्यंत खेळला. १९६७-६८ चा ऑस्ट्रेलिया दौरा त्यानं गाजवला. त्यापाठोपाठच्या न्यूझीलंड दौऱ्यात ऑकलंडला तो ९९ वर बाद झाला. कसोटी शतकाच्या इतक्या जवळ तो पुन्हा गेला नाही, पण परदेशात भारतानं जिंकलेली ती पहिली मालिका. त्यानंतर तो ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला गेला आणि तिथल्या शेफील्ड शील्ड स्पर्धेत खेळणारा पहिला भारतीय झाला. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानं हॅटट्रिकही घेतली. क्वीन्सलँडचीही गोष्ट ओळखीची आहे: शील्डमध्ये त्यांना १९२६-२७ मध्ये प्रवेश मिळाला, आणि पहिलं विजेतेपद १९९४-९५ मध्ये. सुरतेचा माणूस जिथं गेला तिथंही न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया हे त्यांचे मुंबईसारखे मोठे शेजारी आधीच बसलेले होते.

१९७०-७१ मध्ये नियम बदलला आणि प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे जाऊ लागले. त्याच वर्षी अंतिम सामना कुणात झाला? मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात. गावसकर, सरदेसाई, वाडेकर, सोलकर वेस्ट इंडिजमध्ये इतिहास घडवत होते. सुधीर नाईकच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईनं महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवलं. नियम बदलल्याबरोबर पहिल्याच वर्षी पश्चिम विभागाचा दुसरा संघ थेट अंतिम फेरीत येतो, याचा अर्थ आदल्या बारा वर्षांत देशातला दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा संघ कदाचित या विभागातच अडकलेला होता. महाराष्ट्राची १९४०-४१ नंतर करंडकाशी गाठ पडलेली नाही, हे आपलं दुखणं आहे. त्या दुखण्याचा थोडा दोष या नकाशाकडेही जातो.

गुजरातच्या बाबतीत मात्र नियम बदलून फारसं काही झालं नाही, हेही सांगायला हवं. दोन संघांना दार उघडल्यावर गुजरात लगेच आत शिरला नाही. अंतिम सामना तर दूरच. म्हणजे सगळं खापर विभागावर फोडता येत नाही. बारा वर्षांत जी माणसं बाहेर गेली, ज्या मुलांनी राज्याच्या संघाकडे पाहून क्रिकेटचं स्वप्न धरलंच नाही, त्यांची भरपाई नियमाच्या एका दुरुस्तीनं होत नसते.

कॉलेजच्या मैदानावरही हीच गोष्ट वेगळ्या मापात घडत होती. १९४९ पर्यंत सुरतेच्या कॉलेजातला मुलगा मुंबई विद्यापीठाच्या संघासाठी धडपडत असे. रोहिंटन बारिया करंडकाच्या आंतरविद्यापीठ सामन्यांत मुंबईचा दबदबा मोठा. पुढे सरदेसाई, वाडेकर, गावसकर याच वाटेनं वर आले. त्या संघात जागा मिळणं कठीण, कारण मुंबईतली सगळी कॉलेजं स्पर्धेत. पण जागा मिळाली तर निवड समितीच्या नजरेत भरायला वेळ लागत नसे. १९४९ मध्ये पुणे, गुजरात आणि बडोदा अशी नवी विद्यापीठं उभी राहिली आणि सुरतेची कॉलेजं अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठाकडे गेली. १९६५ च्या कायद्यानं दक्षिण गुजरातसाठी सुरतेतच विद्यापीठ झालं. आज त्याला वीर नर्मदांचं नाव आहे. प्रत्येक पायरीवर विद्यापीठाच्या संघात जागा मिळवणं सोपं होत गेलं आणि त्या जागेचं वजन कमी होत गेलं. कोणतं बरं, हे मला ठामपणे सांगता येत नाही. स्वतःच्या गावच्या विद्यापीठाकडून खेळणाऱ्या मुलांची संख्या वाढली, ही माझ्या दृष्टीनं मोठी कमाई आहे.

१ मे १९६० ला दोन राज्यं झाली तरी क्रिकेटच्या रेषा हलल्या नाहीत. गुजरातेत तीन संघ राहिले, महाराष्ट्रातही तीन. विदर्भ तर महाराष्ट्रात येऊनही क्रिकेटमध्ये मध्य विभागातच राहिला. आज उधना, पांडेसरा, लिंबायत या सुरतेच्या भागांत खानदेशातून आलेली लाखो मराठी माणसं राहतात. जळगाव-धुळ्यात राहिलेल्या चुलतभावानं महाराष्ट्राकडून खेळायचं आणि तापी लाइननं सुरतेला आलेल्यानं गुजरातकडून, अशी ही विभागणी. आणि एकाच राज्यातल्या तीन संघटनांत आईवडिलांनी मुलांसाठी निवड करायची, हेही चालूच राहिलं. हार्दिक पंड्याचा जन्म सुरत जिल्ह्यातल्या चोर्यासीचा. मुलांना किरण मोरे यांच्या अकादमीत घालता यावं म्हणून वडील सुरतेतला धंदा बंद करून बडोद्याला गेले. त्यामुळे सुरतेत जन्मलेला भारताचा आजचा सर्वांत मोठा अष्टपैलू खेळाडू बडोद्याचा म्हणून ओळखला जातो.

क्रिकेट मंडळाच्या सुधारणांसाठी नेमलेल्या लोढा समितीनं ‘एक राज्य, एक मत’ असं सुचवलं तेव्हा या तिन्ही संघटनांचं स्वतंत्र अस्तित्व धोक्यात आलं. ९ ऑगस्ट २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं गुजरात आणि महाराष्ट्रातल्या तिन्ही-तिन्ही संघटनांचं पूर्ण सदस्यत्व कायम ठेवलं. मला तो निर्णय योग्य वाटतो. संघटना तीन आहेत म्हणजे राज्यातल्या मुलांसाठी अकराच्या तिप्पट जागा आहेत. सुरतेसारख्या राजधानी नसलेल्या शहराला त्याचं मोल अधिक.

२००२-०३ मध्ये रणजीतून विभागच गेले. संघ एलिट आणि प्लेट अशा गटांत कामगिरीनुसार वाटले जाऊ लागले, भूगोल मागे पडला. २०१६-१७ मध्ये सामने तटस्थ मैदानांवर झाले. प्रियांक पांचालनं त्या हंगामात १३१० धावा केल्या, त्यात बेळगावला पंजाबविरुद्ध नाबाद ३१४. उपांत्यपूर्व फेरीत जयपूरला समित गोहेल ओडिशाविरुद्ध सलामीला येऊन नाबाद ३५९ वर परतला. अंतिम सामना जानेवारी २०१७ मध्ये इंदूरला, जिथं गुजरात आधी हरला होता. समोर मुंबई. ३१२ धावांचं लक्ष्य होतं. रणजीच्या अंतिम सामन्यात इतक्या धावांचा पाठलाग करून कुणी जिंकलं नव्हतं. पार्थिव पटेलनं पहिल्या डावात ९० केल्या होत्या, दुसऱ्यात १४३ केल्या आणि गुजरात पाच गडी राखून जिंकला. पुढल्याच वर्षी विदर्भानं पहिल्यांदा करंडक घेतला, त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा. मग २०१९-२० मध्ये सौराष्ट्र. तीन शेजारी, ज्यांना जुन्या व्यवस्थेत कुणी गणतीत धरलं नव्हतं, चार वर्षांत चार करंडक घेऊन गेले. विभाग मोडल्यामुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. अकादम्या, पैसा, परप्रांतातून आलेले अनुभवी खेळाडू, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण सुरुवातीलाच मुंबईच्या पायरीशी हंगाम संपत नाही, हे कळल्यावर खेळाडू वेगळ्या मनानं खेळतो.

सुरतेला आता स्वतःचं लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियम आहे. २०१९ च्या सप्टेंबरात भारताच्या महिला संघाचे दक्षिण आफ्रिकेविरुद्धचे ट्वेंटी-ट्वेंटी सामने तिथं झाले आणि पंधरा वर्षांची शफाली वर्मा तिथंच पहिल्यांदा भारताकडून उतरली. नोव्हेंबर २०२५ मध्ये शहरातल्या सी. के. पीठावाला मैदानावर मेघालय विरुद्ध अरुणाचल प्रदेश हा प्लेट गटातला रणजी सामना होता. मेघालयच्या आकाश चौधरीनं लागोपाठ आठ षटकार मारून अकरा चेंडूंत अर्धशतक पूर्ण केलं. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये इतकं वेगवान अर्धशतक आजवर झालं नव्हतं. ईशान्येच्या या नव्या संघांना आज प्लेटमध्ये ठेवलं आहे, कारण मोठ्यांसमोर ते टिकत नाहीत. पण सगळा हंगाम एकमेकांशीच खेळून ते टिकायला शिकणार कसे, हा प्रश्न तिथल्या प्रशिक्षकांपुढे आहे. त्यांच्यासमोर निदान एक दार उघडं आहे: प्लेटमध्ये पहिला आलेला संघ पुढल्या हंगामात वरच्या गटात जातो. १९६० च्या गुजरात संघासाठी असं दार कुणी ठेवलं नव्हतं.